कागदी खंड्याचे पंख दर पावसाळ्यात वर वळतात: दोष कुठे शोधायचा

मे महिन्यात मन लावून कागदाचा खंड्या, म्हणजे किंगफिशर पक्षी, पुरा करायचा, दिवाणखान्यात कपाटावर ठेवायचा, आणि गणपतीच्या आराशीसाठी खाली काढायला जावं तर त्याचे पंख टोकाशी वर उचललेले, शेपटी तिसरीकडेच वळलेली. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरात 2021 ते 2024 अशी सलग चार वर्षं हे झालं. दर वेळी मी नवा पक्षी केला आणि दर वेळी दोष वेगळ्याच गोष्टीला दिला: पहिल्या वर्षी फेव्हिकॉलला, दुसऱ्या वर्षी पातळ कागदाला, तिसऱ्या वर्षी माझ्या हाताला. 2025 चा पक्षी मात्र अख्खा पावसाळा काढून आजही जसाच्या तसा आहे. ज्यांचे कागदी पक्षी असेच वाकतात त्यांना चार वर्षं घालवावी लागू नयेत, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहिते.

माझा पक्षी म्हणजे पांढऱ्या छातीचा खंड्या, खऱ्या मापाचा. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत 28 सेंटीमीटर, डोकं आणि पोट तपकिरी, गळा-छाती पांढरी, पाठ-पंख-शेपूट निळे, चोच आणि पाय लाल. काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून विश्वामित्रीकडे बघत थांबलं की तारेवर हा हमखास दिसतो. तारेवरून झेप घ्यायच्या क्षणी पंख अर्धे उघडतात, तीच मुद्रा मला हवी होती. आणि अर्धा उघडलेला पंख म्हणजे चहूबाजूंनी हवा लागणारा कागद. पंख मिटलेला पक्षी केलात तर हा त्रास निम्म्यानं कमी होईल, हे आधीच सांगून ठेवते.

सगळ्यात आधी एक करा. पंख वाकलाय हे दिसल्यावर लगेच डिंक बदलायला धावू नका. तो *कधी* वाकला आणि *कोणत्या बाजूला* वाकला, हे वहीत लिहा. मी ते लिहायला लागले तेव्हाच गुंता सुटायला लागला.

चिकटवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पीस वळलं, तर ते डिंकातल्या पाण्याचं काम आहे. रात्री ठीक होतं आणि सकाळी वाळल्यावर वळलं, तर एकाच बाजूला दिलेला रंग किंवा एकाच बाजूला लावलेला कागद आखडलाय. महिनाभर सरळ राहून पावसाळ्यात वळलं, तर वरची बाजू आणि खालची बाजू दमट हवेला सारखी फुगत नाहीये. ही तीन दुखणी वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. छापखान्यात आणि बाइंडिंगच्या धंद्यात तिला ग्रेन म्हणतात.

ही गोष्ट मला कळली ती रावपुऱ्यातल्या एका बाइंडर काकांमुळे. आईची जुनी पोथी बांधायला नेली होती आणि पिशवीत त्या वर्षीचा वाकडा पंखही होता. काकांनी तो उलटा-पालटा केला, दोन बोटांत धरून हलकेच वाकवला आणि म्हणाले, "अहो ताई, कागद उभा लावलाय का आडवा, ते बघितलंत का? हे पीस उभं आहे, त्याच्या शेजारचं आडवं. मग दोघं एका चालीनं कशी चालतील?" मी दहा वर्षं कागद कापत होते आणि कागदाला उभं-आडवं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

कारखान्यात कागद बनतो तेव्हा पाण्यात कालवलेला लगदा पळत्या जाळीवर पडतो, आणि बरेचसे तंतू जाळी ज्या दिशेला पळते त्याच दिशेला रांगेनं लागतात. वाळलेल्या कागदातही त्यांची तीच रांग राहते. आता तंतूचा स्वभाव बघा. ओलावा मिळाला की तो जाडीत चांगला फुगतो, लांबीत मात्र अगदी नावापुरता वाढतो. म्हणून कागद ग्रेनच्या दिशेला जवळजवळ तेवढाच राहतो आणि ग्रेनच्या आडव्या दिशेला त्याच्या काही पट वाढतो. कोरड्या हवेतून दमट हवेत गेल्यावर 12 सेंटीमीटरच्या पट्टीत हा फरक अर्धा ते एक मिलिमीटरचा असतो. ऐकायला थोडा वाटतो, पण वरचा थर जागच्या जागी आणि खालचा मिलिमीटरभर लांब झाला, तर पट्टीला वळल्याशिवाय गत्यंतर नसतं.

ग्रेन ओळखायच्या तीन रीती आहेत. त्याच कार्डशीटमधून 10 सेंटीमीटर लांब आणि दीड सेंटीमीटर रुंद अशा दोन पट्ट्या कापा, एक तावाच्या लांबीला धरून, दुसरी रुंदीला धरून. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत धरा आणि आडव्या करा. मग पट्ट्यांची जागा बदलून पुन्हा धरा. जी जास्त खाली लोंबते तिच्यात ग्रेन आडवा आहे. जी ताठ राहते तिच्यात ग्रेन लांबीला धरून आहे. दुसरी रीत फाडायची: ग्रेनच्या दिशेला कागद सरळ फाटतो, आडवा फाडला की वाकडातिकडा दाते काढत जातो. तिसरी रीत मला सगळ्यात आवडते, कारण त्यात आपला आजार डोळ्यांसमोर होताना दिसतो. टपाल तिकिटाएवढा चौकोन कापा आणि एकाच बाजूला ओलं बोट फिरवा. दोन-चार सेकंदांत तो ओल्या बाजूला फुगवटा घेत पन्हाळीसारखा वळतो. त्या पन्हाळीची लांबी ज्या दिशेला, तो ग्रेन. थोडं थांबा, वाळताना तीच पन्हाळी सैल पडून कधी कधी उलटीही वळते. पंखाचं नेमकं हेच होतं.

आता माझी चूक कुठे होती ते सांगते, कारण बहुतेकांची तीच असणार. कागद वाया जाऊ नये म्हणून मी एका तावावर पिसं आखताना मोकळी जागा दिसेल तशी बसवत होते. एक उभं, त्याच्या बगलेत एक तिरकं, कोपऱ्यात दोन आडवी. शंकरपाळ्या कापताना कड वाया घालवू नये, तसा हिशेब. त्यामुळे एकाच पंखातल्या शेजारशेजारच्या पिसांचे ग्रेन तीन दिशांना. त्यात भर अशी की दुकानातून आणलेलं ए-फोर कार्डशीटचं पाकीटही सरमिसळ निघालं. मोठ्या तावातून तुकडे पाडताना काही उभे, काही आडवे निघतात, आणि वरून बघून ते अजिबात कळत नाही. म्हणून पाकिटातल्या पहिल्या तुकड्यावर चाचणी करून भागत नाही. प्रत्येक तुकडा हातात घेऊन दोन्ही दिशांना हलकेच वाकवा, सहज वाकून जी पन्हाळी होईल तिच्या लांबीला धरून पेन्सिलीनं बाण काढा, तो ग्रेन. वीस तुकड्यांना पाच मिनिटं लागतात.

नियम असा: पिसाचा दांडा ग्रेनच्या दिशेला. दांडा ग्रेनला धरून असला की ओलाव्यानं पीस रुंदीत फुगतं आणि फार तर हलकीशी पन्हाळी घेतं. खऱ्या पिसालाही तसा बाक असतोच, त्यामुळे ते खटकत नाही, उलट शोभतं. दांडा ग्रेनच्या आडवा असला तर पीस लांबीत फुगतं आणि टोक वर किंवा खाली वळतं, आणि वळलेलं टोक पक्षी ओळखणाऱ्याला लांबूनही दिसतं. दांड्याच्या दोन्ही बाजूंनी कात्रीनं तिरपे बारीक काप देता ना, पिसाचे तंतू दाखवायला? तेही ग्रेन उभा असला की ताठ राहतात. आडव्या ग्रेनमधले काप आठवड्यात मान टाकतात.

याच कारणासाठी अख्खा पंख एका तुकड्यात कापून वर रेघा ओढू नका. उघडलेल्या पंखात पिसं पंख्याच्या काड्यांसारखी पसरतात, प्रत्येकाचा कोन वेगळा. एका तुकड्यात एखाद-दुसऱ्या पिसालाच ग्रेन मानवेल. मी टोकाकडची दहा उड्डाणपिसं, आतली बारा आणि शेपटीची बारा अशी सुटी कापते. वरची छोटी आच्छादनपिसं मात्र चार-चारच्या पट्टीत चालतात, ती लांबीनं इतकी आखूड असतात की वळून वळणार किती.

डिंकाचं दुखणं त्या मानानं सोपं आहे. पांढऱ्या डिंकात पाणी असतं आणि पातळ केलं की आणखी वाढतं. पिसाच्या अख्ख्या पाठीला डिंक फासू नका. फक्त बुडाशी 6 ते 8 मिलिमीटर, तेही टूथपिकनं, न पातळ केलेला, लावून लगेच चिमट्यानं दाबायचा. पुढचं पीस पहिल्याच्या बुडावर चढतं, त्यामुळे जोड दिसत नाही आणि पिसाचा बाकी भाग मोकळा राहतो. खऱ्या पंखातही पीस बुडाशीच रुतलेलं असतं. मोठा थर चिकटवायचा असेल, म्हणजे पंखाच्या पायाला कागद मढवायचा असेल, तर चांभाराकडचं सोल्युशन वापरा. त्यात पाणी नसतं, दोन्ही बाजूंना लावून जरा सुकू द्यायचं आणि मग एकदाच टेकवायचं. खिडक्या उघड्या ठेवा, त्याचा वास डोक्यात जातो, आणि लहान मुलं शेजारी बसून मदत करत असतील त्या दिवशी हे काम नको.

पंखाचा पाया हा मात्र खरा कळीचा भाग, आणि इथे मी दोन वर्षं फसले. पाया जाड कार्डाचा होता आणि वरच्या बाजूला छान दिसावं म्हणून निळा कागद मढवला होता. खालची बाजू कुणाला दिसते म्हणून तशीच सोडली. बाइंडर काकांच्या शब्दांत, "पुठ्ठ्याला एका अंगानं ओढाल तर दुसऱ्या अंगानंही तेवढंच ओढायला हवं." वहीच्या पुठ्ठ्याला आतून कागद लावतात तो नुसता शोभेचा नसतो, बाहेरच्या कापडाची ओढ तो तोलून धरतो. तसंच पंखाचं. मधे 220 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 220 ग्रॅम वजनाचं, कार्ड, वर आणि खाली एकाच तावातला एकच कागद, आणि तिन्हींचा ग्रेन एकाच दिशेला, खांद्याकडून टोकाकडे. दोनच थर आडवे-उभे चिकटवले तर ते हटकून वळणार. दोन का, तीन थर लावा आणि दोन्ही अंगं सारखी ठेवा.

रंगाबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण चौथ्या वर्षी मला रंगानंच फसवलं. तोवर ग्रेन कळला होता, डिंक बेताचा होता, पाया तोललेला होता. मे महिन्यात पक्षी इतका सरळ आणि सुबक झाला की मी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवला. मग 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, घरात पाणी आलं नाही, पण खालचा जिना आठवडाभर ओला होता आणि भिंतींना हात लावला तर गार ओल लागायची. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर दोन्ही पंखांची टोकं बोटभर वर. बाजूनं बघितलं तेव्हा लक्षात आलं की सगळी पिसं एकाच दिशेला, वरच, वळलीत, एकही खाली नाही. तिथे उत्तर होतं.

नुसता कोरा कागद दमट हवेत ठेवला तर दोन्ही बाजूंनी सारखा फुगतो, आणि सारखा फुगलेला कागद वळत नाही. वळायला दोन बाजूंत फरक लागतो. मी वरून ॲक्रिलिकचे पाच-सहा हात दिले होते. ॲक्रिलिक वाळलं की प्लास्टिकची पापडी होते. वरच्या बाजूला पापडी, खालून उघडा कागद. खालची बाजू ओल पिऊन लांबली, वरची तेवढीच राहिली, आणि टोक वर गेलं. पंख ज्या बाजूकडे वळलाय ती बाजू आखडलेली, किंवा पाठची बाजू फुगलेली, हे एकदा डोक्यात बसलं की पंख हातात घेतल्याबरोबर कारण कळतं.

इतके हात का दिले, तर खंड्याचा निळा साधता येत नव्हता म्हणून. त्या निळ्याचं कारण असं की तो पिसात रंगद्रव्य म्हणून नसतोच. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे उजेड विखुरतो आणि तो निळा दिसतो, म्हणून ऊन बदललं की खंड्या कधी हिरवट, कधी झगझगीत निळा. एका रंगाचे कितीही हात दिले तरी ती जादू येत नाही, कागद मात्र दर हाताला एकदा भिजतो आणि एकदा आखडतो. आता मी आरपार निळा रंगवलेला कागद घेते, म्हणजे कापलेली कडही निळी दिसते, आणि त्यावर कोरडं पेस्टल बोटानं घासते, दांड्याजवळ गडद निळं, कडेला जरासं मोरपिशी. पाण्याचा थेंब नाही. छायाचित्रात हा पक्षी माझ्या आधीच्या सगळ्या पक्ष्यांपेक्षा खरा दिसतो. ॲक्रिलिकच वापरायचं असेल तर पातळ दोन हात आणि खालच्या बाजूलाही तेवढेच दोन, एकाच दिवशी.

वरून संरक्षक थर देताना तोच न्याय. मॅट स्प्रे दोन्ही बाजूंना. सुताराचं लाखेचं पॉलिश स्पिरिटमधलं असतं, त्यानं कागद फारसा फुगत नाही, पण ते पिवळसर झाक देतं आणि खंड्याचा पांढरा गळा त्यानं मळकट दिसतो. लाल चोचीवर मात्र लाखेचं पॉलिश फार सुरेख बसतं. आणि थर कोणताही असो, तो ओल अडवत नाही, तिची चाल मंद करतो. चार-सहा दिवसांच्या झडीला तेवढं पुरतं, दोन महिन्यांच्या पावसाला नाही.

म्हणून काचेची पेटी. वडोदऱ्यात मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की कागद कडकडीत होतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणा 80 टक्क्यांच्या वर जातो. हा एवढा झोका कोणताही कागद मुकाट्यानं सोसणार नाही. शक्य असेल तर पक्षी ना मेमध्ये करा ना ऑगस्टमध्ये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली मधली हवा उत्तम, म्हणजे तो पुढे दोन्हीकडे थोडा थोडाच हलेल. पेटीत तळाशी सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर तापवून पुन्हा निळे करून घ्या. पुडी पक्ष्याला टेकू देऊ नका, ज्या बाजूला टेकेल ती बाजू जास्त वाळेल.

चोचीचा सांधा उकलणं हाही याच कुटुंबातला आजार. चोच जवळजवळ 6 सेंटीमीटर लांब आणि निमुळती, तिचा ग्रेन बुडाकडून टोकाकडे ठेवा, म्हणजे गुंडाळताना कागद मोडणार नाही आणि सांधाही पावसात तोंड उघडणार नाही. पायांना ही अडचण नाही, कारण आत तार असते. फक्त पुढच्या तीन बोटांपैकी बाहेरची दोन बुडाशी जुळलेली दाखवायला विसरू नका, खंड्याची ती खूण आहे.

आधीच वळलेला पक्षी घरात असेल तर तो टाकू नका. पाया वळला असेल आणि त्यावर रंगाची पापडी नसेल, तर वळणाच्या *आतल्या* बाजूला, म्हणजे जिथे खोलगट आहे तिथे, ओला करून घट्ट पिळलेला कापूस एकदाच फिरवा. ती आखडलेली बाजू आहे, तिला फुगवायचंय. मग दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर वजन. मी पाटा ठेवते, पण मधे सपाट फळी घालून, नाहीतर पाट्याचे टाके कागदावर उठतात. पूर्ण 24 तास उचलून बघायचं नाही. पंख्याखाली किंवा उन्हात तर मुळीच नाही, वरची बाजू आधी वाळेल आणि पुन्हा तेच. पंख अंगाला चिकटलेला असेल तर वजन ठेवता येणार नाही, तेव्हा वर-खाली फळीच्या दोन पट्ट्या आणि कपड्यांचे चिमटे.

ॲक्रिलिकनं वळलेल्या पंखाला पाण्यानं काही होणार नाही, पापडी पाणी सहजी आत घेत नाही. तो पक्षी आधी दोन-तीन दिवस सिलिका जेलसकट बंद डब्यात ठेवा. कागद वाळला की टोकं आपोआप बरीच खाली येतील. डब्यातून काढल्या काढल्या, बाहेरची हवा प्यायला सुरुवात करायच्या आत, खालच्या बाजूला त्याच रंगाचे दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा. 2024 चा माझा पक्षी असाच सुधारला. डाव्या पंखाची टोकाकडची दोन पिसं अजून जराशी वर आहेत. ती आडव्या ग्रेनची निघाली, मी घाईत बाण बघितला नव्हता. ती दोन काढून नवी लावायची तर बुडाशी ओला कापूस पाच मिनिटं धरून डिंक मऊ करावा लागेल, आणि ते काम मी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करणार आहे.